पाळण्यातली हॅट

"आमच्याकडे मूल पाळण्यात फार वेळ टिकत नाही, तेवढं आत्ताच सांगून ठेवते," असं रोझांजेला मला गाडीत म्हणाली होती. "कुणीतरी येतं, उचलतं, घेऊन जातं. म्हणून आजीच्या वेळेपासून घरात एक रीत आहे. उचलणाऱ्याने आपलं काहीतरी पाळण्यात ठेवून जायचं. चष्मा, एप्रन, एखादी चप्पल. ते बघितलं की कळतं मूल कुणाकडे आहे. ठेवलेली वस्तू मात्र हलवायची नाही. मी लहानपणी आजीचा चष्मा खेळायला उचलला, तर सगळं घर माझ्या भावाला विहिरीत शोधत होतं. आणि तो आजीच्या मांडीवर बसून गाजर खात होता." गाडी चालवणारी तिची आई, दोना झेनाइदे, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "गाजर नव्हतं, रताळं होतं." मी मागच्या सीटवर माझ्या लेकीच्या, मातिल्दच्या, पोटावर हात ठेवून बसले होते. हसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. ही सूचना माझ्या कामाची नव्हती. माझं मूल पाळण्यात एकटं राहणारच नव्हतं, मग उचलणार कोण.

मातिल्द तेव्हा आठ महिन्यांची होती, आणि जन्मल्यापासून माझा हात तिच्या अंगावरून निघाला नव्हता. श्वास चालू आहे ना हे बघायला ठेवलेला हात नंतर कधी काढायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पोर्तुगालची, कोइम्ब्राला रसायनशास्त्र शिकले. प्रयोग चालू असताना टेबल सोडून जायचं नाही हे तिथे पहिल्याच वर्षी अंगात भिनवतात, आणि बरेच दिवस मी स्वतःची समजूत त्यावरच घालत होते, की ही आपली सवय आहे, शिस्त आहे. पण शिस्तीत चित्रं दिसत नाहीत. मला दिसायची. टेबलाजवळून जाताना टेबलाचा कोपरा दिसायचा आणि त्या कोपऱ्यावर तिचं डोकं. बाल्कनीचं दार उघडलं की रस्ता, खूप खाली, आणि रस्त्यावर तिचं पांढरं झबलं. किटली, सुरी, बादली, माझ्या नवऱ्याच्या, दुआर्तेच्या, शर्टाचं सैल झालेलं बटण, घरातली प्रत्येक वस्तू मला आपलं दुसरं काम दाखवायची. मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार, की बटण बघून मला घाम फुटतो? डॉक्टर म्हणाले बाळाचं वजन उत्तम आहे. ब्रागाहून आई फोनवर म्हणाली, किती गं नीटनेटकी ठेवतेस तिला. दुआर्ते म्हणाला, तू फार छान सांभाळतेस. आणि मी खरंच छान सांभाळत होते. फक्त झोपत नव्हते. डोळे मिटले की हात तिच्या छातीवर आहे की गादीवर हे कळेनासं व्हायचं, म्हणून डोळे मिटायचेच नाहीत असं ठरून गेलं होतं.

त्या नाताळात आम्ही ब्रागाला जाणार होतो. पण उत्तरेला, पारा राज्यात, दुआर्तेच्या पुलाच्या कामावर नदी चढली, त्याची रजा गेली, आणि ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेच्या त्या फ्लॅटमध्ये मी आणि मातिल्द उरलो. दोना झेनाइदे आमच्या दोन मजले खाली राहायची. साठी उलटलेली, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेली. लिफ्टमध्ये तिने विचारलं, "नाताळ कुणाकडे?" मी म्हटलं, "घरीच." तिने माझ्याकडे बघितलं, मातिल्दकडे बघितलं, आणि म्हणाली, "आमच्या गाडीत मागे जागा आहे. गावी, लाजेदोला जातोय. राजे येऊन जाईपर्यंत." राजांचा दिवस म्हणजे सहा जानेवारी, बाळ येशूच्या दर्शनाला तीन राजे आले तो. मी आभार मानले, नको म्हटलं. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी रोझांजेला दारात उभी. "आई म्हणते सूटकेस तीच आणेल, तू फक्त पोरीला आण." मी परत नको म्हणायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "तुम्ही पोर्तुगीज लोक अर्धे शब्द गिळता, मला काही कळलं नाही, मी हो समजते." आणि सूटकेस उघडून बसली. इथल्या माणसांच्या असल्या धसमुसळ्या मायेचा मला एरवी राग यायचा. त्या दिवशी रागवायलाही ताकद नव्हती.

लाजेदोचं घर एकमजली, लांबट, मागे चूल पेटवायची वेगळी पडवी. चुलीवर दिवसभर काहीतरी असायचंच, काळ्या घेवड्याचं भांडं, दुधाचं भांडं, आणि कॉफीची किटली, जिच्यात साखर आधीच इतकी की चमचा उभा राहावा. मी खोलीत शिरले की पहिल्यांदा कोपरे बघून घ्यायचे. इथे कोपरे पुष्कळ होते. पण माणसंही पुष्कळ होती, आणि माणसांच्या मागे कोपरे झाकले जायचे. चुलतभाऊ, त्यांच्या बायका, शेजारणी, कोण कुणाचं हे मी शेवटपर्यंत शिकले नाही. सगळ्यांनी हात पुढे केले. मी मातिल्दला छातीशी धरून मान हलवली की ते हात तसेच मागे जायचे, न रुसता. रोझांजेला एकदा म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे मुलांना गोंद लावून चिकटवतात का?" तेव्हा दोना झेनाइदे म्हणाली, "गप गं. तू चार वर्षांची होईपर्यंत माझ्या झग्यात शिरून चालायचीस. मला लोक चार पायांची मास्तरीण म्हणायचे." एवढंच. कुणी समजावलं नाही, कुणी उपदेश केला नाही. माझ्या ताटात कुणीतरी वाढायचं, मी एका हाताने खायचे, आणि मांस कापून द्यायचं काम न बोलता शेजारी बसलेल्याकडे जायचं. माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला, की माझं ताट नेहमी कापलेलंच येतं.

हात पुढे न करणारा त्या घरात एकच माणूस होता. दोना झेनाइदेचे थोरले भाऊ, जुवेनालमामा. मीही त्यांना मामाच म्हणायला लागले होते. ते चुलीच्या पडवीतल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि घेवड्याच्या शेंगा सोलायचे. केस पांढरे, बारीक कापलेले, कपाळावर उन्हाचा जुना पट्टा, आणि आता उन्हात न गेल्यामुळे तो पट्टाही पुसट होत चाललेला. गेल्या जानेवारीत त्यांची बायको तेरेझिन्या गेली. राजांच्या दिवसांत घरोघर गाणी म्हणत फिरणारी जी मंडळी असते, तिचा झेंडा कित्येक वर्षं ती धरायची. तिला पुरून आल्यावर जुवेनालमामा घरात शिरले ते शिरलेच. दाराबाहेर नाही, फाटकापर्यंत नाही, चर्चमध्येही नाही. पाद्री घरी येऊन गेला, डॉक्टर येऊन गेला. घरात याविषयी कुणी बोलत नसे. फक्त बाहेर जाताना प्रत्येकजण त्यांना ओरडून विचारायचा, "मामा, येतोस का?" आणि ते शेंगेवरची नजर न काढता म्हणायचे, "उद्या." जसं माझ्याकडे हात पुढे यायचे आणि मागे जायचे, तसंच हे. ते मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच जाणवलं, की हा एक माणूस माझ्याकडून काही मागत नाही, आणि म्हणून त्याच्याजवळ बसलं की खांदे जरा उतरतात. मातिल्द जमिनीवर सालींच्या ढिगात बसायची आणि मामा एकेक शेंग तिच्यापुढे धरायचे, उघडून दाखवायचे, आत दाणे आहेत की नाहीत. ती प्रत्येक वेळी चकित व्हायची. एकदा मला आंघोळीला जायचं होतं. मी आपण होऊन म्हटलं, "मामा, घ्याल का हिला?" ते उठले, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, नखं बघितली, परत धुतले, आणि मग बसून मांडी नीट केली. मी बाथरूमचं दार उघडं ठेवून आंघोळ केली. पण केली.

मंडळी आली ती नववर्षानंतरच्या एका दुपारी. आधी ढोल ऐकू आला, मग व्हायोलिन, मग लाल मातीच्या रस्त्यावर रंगीत फितींचा झेंडा. पुरुषांनी दारात हॅटा काढून छातीशी धरल्या आणि घर गाण्याने भरलं. भिंतींना, भांड्यांना, माझ्या दातांना त्या ढोलाचा हादरा बसत होता. मुखवटा घातलेला विदूषक अंगणात उड्या मारत होता, आणि मला त्याच्या हातातली काठी दिसत होती, काठीचं टोक, टोकासमोर मातिल्दचा डोळा. चित्रं परत आली होती, एकामागून एक, गर्दीसारखी. मी आतल्या खोलीत जाऊन पाठ भिंतीला लावून उभी राहिले. दोना झेनाइदे झेंडा घेऊन आली. झेंडा प्रत्येक खोलीत फिरवायचा असतो, प्रत्येक पलंगावरून. तिने तो पलंगावरून फिरवला, पाळण्यावरून फिरवला, मग माझ्याकडे बघून थांबली. फितींतून तिचा चेहरा अर्धाच दिसत होता. "जरा आडवी हो," म्हणाली. "एवढे सगळे जागे आहेत. तू एकटी झोपलीस तर काही बिघडत नाही." मी मातिल्दला पाजलं, पाळण्यात ठेवलं, पलंगावर कडेला आडवी झाले आणि हात पाळण्याच्या कठड्यातून तिच्या पोटावर ठेवला. बाहेर गाणं चालू होतं. एवढे सगळे जागे आहेत, हे मी मनात म्हणत होते, अंक घोकावेत तसं, आणि मध्येच ते वाक्य कुठेतरी तुटलं.

जाग आली ती शांततेने. घरात आवाज नव्हता. हात कठड्यातून लटकत होता आणि हाताखाली मऊ काहीतरी होतं, पण गरम नव्हतं. पाळण्यात, तिच्या चादरीवर, एक हॅट होती. तपकिरी, कडेला घामाची काळी रेघ, आणि तिला डांबरगोळीचा वास. मी ती उचलली. रोझांजेलाचं गाडीतलं बोलणं मला आठवलं नाही असं नाही, लगेच आठवलं. पण त्या घरातल्या माणसांवर मी इतके दिवस नजर ठेवून होते. कोण कोणत्या कपात कॉफी पितं, कुणाच्या एप्रनला कोणता डाग, सगळं मला पाठ होतं. मी एकेक करून सगळ्यांना आठवलं, आणि ही हॅट त्यांतल्या कुणाचीच नव्हती. हॅटा त्या दुपारी आलेल्या अनोळखी पुरुषांच्या होत्या. छातीशी धरलेल्या. त्यांतल्या एकाने ही इथे ठेवली आणि तिला नेलं. मला वाटलं आता चित्रं दिसतील, आठ महिने ज्यांची तयारी केली ती सगळी. एकही दिसलं नाही. फक्त ती चादर दिसत होती, तिच्यावरची चुणी, आणि चुणीच्या मध्ये ओला ठिपका, लाळेचा.

मागच्या पडवीत दोना झेनाइदे एकटी, खिडकीकडे पाठ करून, पातेली घासत होती. मी काय म्हटलं आठवत नाही. तिने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं. उठली, ओल्या हातांनी हॅट घेतली. "ही कपाटातून कुणी काढली?"

"मातिल्द कुठे आहे?"

ती खिडकीकडे वळली. खुर्ची मागे सरकलेली होती. शेंगांची परडी खाली. दोना झेनाइदे लाकडांच्या मोळीवर बसली, हॅट तोंडाशी धरली आणि रडायला लागली. ते रडणं मी माझ्या भीतीच्या भाषेत ऐकलं. मी तिचा खांदा धरून हलवत होते, आणि ती हॅटमधूनच म्हणत होती, "बाहेर गेला. अगं, तो बाहेर गेला." मग तिला माझा चेहरा दिसला असावा. तिने माझा हात घट्ट धरला. "पोरी, ऐक. जुवेनालची हॅट आहे ही. मातिल्द जुवेनालकडे आहे. झेंड्याच्या मागे गेला असेल. ढोल कुठून येतोय बघ, आणि जा. मी येतेच."

मी अनवाणी धावले. सकाळी पाऊस होऊन गेला होता, लाल चिखल पोटरीपर्यंत उडत होता. ढोल वळणापलीकडून येत होता, मग थांबला. पुढच्या घराचं फाटक उघडं होतं. अंगणात मंडळी झाडाखाली जेवत होती, विदूषकाने मुखवटा कपाळावर सरकवून कोंबडीचं हाड तोंडात धरलं होतं, आणि आमच्या घरचे सगळे कुंपणाशी उभे होते, लांब, एकमेकांना चिकटून. अंगणात एखादा दुर्मीळ पक्षी उतरावा आणि कुणी हलू नये, तसे. झाडाखालच्या बाकावर जुवेनालमामा बोडक्या डोक्याने बसले होते. मांडीवर मातिल्द. तिच्या मुठीत झेंड्याची एक हिरवी फीत, आणि तोंडाभोवती, गालांवर, भुवईवर तांदळाची खीर. माझ्या मुलीने तोवर उकडलेल्या गाजराशिवाय काही खाल्लं नव्हतं.

मी तिला उचललं. हळू उचललं नाही. ती दचकून रडायला लागली. व्हायोलिनवाल्याचा हात थांबला. "तुम्ही मला विचारलं नाहीत," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

मामांनी रिकाम्या मांडीकडे बघितलं. "आलो होतो विचारायला," ते म्हणाले. "दारात उभा राहिलो. तू घोरत होतीस."

कुंपणाकडून रोझांजेलाचं हसणं फुटलं आणि लगेच दाबलं गेलं.

"ढोल लांब गेला तशी ही रडायला लागली," मामा सांगत होते, शब्द शोधत, बऱ्याच दिवसांत न वापरलेली वस्तू काढावी तसे. "तुझा हात हिच्या अंगावर होता, पण तू उठली नाहीस. मी म्हटलं, झोपू दे. ढोल जवळ आणायला हवा. ढोल काही परत येत नव्हता. मग मीच." त्यांनी रस्त्याकडे हात केला. "हॅट डोक्यावर घातली होती. मग रीत आठवली. काढून ठेवली."

"ती तुमची आहे हे मला माहीत नव्हतं."

त्यांचा हात डोक्यावर गेला. थोडा वेळ तिथेच राहिला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तू मला हॅटमध्ये बघितलंच नाहीस. चष्मा ठेवायला हवा होता."

"आणि मग चालला असतास कसा, मामा?" रोझांजेला म्हणाली. "दोघं खड्ड्यात सापडला असतात."

सगळे हसले. मीही हसले असेन, कारण मातिल्द रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती रडली आणि मी उठले नाही. ज्याची मला आठ महिने भीती होती ते घडलं होतं. माझा हात तिच्या अंगावर होता, ती रडली, आणि मला ऐकू आलं नाही. आणि ते दुसऱ्या कुणीतरी ऐकलं. चुलीच्या पडवीत बसलेल्या, कुणाच्याही हाकेला वर्षभर न उठलेल्या माणसाने. अंगणातल्या त्या तोंडांकडे मी बघितलं. खरकट्या हातांची, खीर ओरपणारी, डोळे पुसणारी माणसं. यांतल्या कुणालाही ते ऐकू आलं असतं. माझ्या छातीत इतके महिने आवळून धरलेलं काहीतरी होतं, त्याला नाव नव्हतं, ते थोडंसं सैल झालं, आणि सैल झाल्यावर दुखायला लागलं, बसून बसून बधिर झालेला पाय दुखावा तसं.

मंडळी उठली. अजून बरीच घरं बाकी होती. ढोलवाल्याने पट्टा खांद्यावर घेतला. मामाही उभे राहिले. हात किंचित पुढे होते, तळवे वर, पण त्यांनी मागितलं नाही. तेवढ्यात दोना झेनाइदे धापा टाकत फाटकातून आत आली आणि न बोलता भावाच्या डोक्यावर हॅट ठेवून, लहान मुलाची ठेवावी तशी, कडेने दाबून बसवली. "टाळू भाजली असेल," म्हणाली.

मी मातिल्दला त्यांच्या हातांत दिलं. "हिला साखर नको आता," मी म्हटलं.

"नाही देणार," मामा म्हणाले.

"देणार तो," दोना झेनाइदे म्हणाली.

मी त्यांच्यामागून गेले नाही. जाता आलं असतं. सगळे गेले. मी फाटकाशी उभी राहून झेंडा वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, आणि मग दोना झेनाइदेचा दंड धरून घरी आले. तिने बादलीतल्या पाण्याने माझे पाय धुतले, मी नको म्हणत असताना, आणि टाचेत गेलेला काटा चष्मा लावून काढला. मग मी त्या खोलीत गेले. पाळणा रिकामा होता. त्याच्याकडे तोंड करून मी आडवी झाले आणि आपण होऊन डोळे मिटले.

संध्याकाळी दुआर्तेचा फोन आला. मी म्हटलं, "आज मी झोपले." तो म्हणाला, "छान." मग त्याने विचारलं, "म्हणजे एरवी झोपत नाहीस?" तो घरी असायचा तेव्हा आम्ही एकाच पलंगावर झोपत होतो. त्याचा दोष नव्हता. मी त्याला कळू दिलं नव्हतं, आणि कळू न देण्यात मी फार हुशार होते. त्या संध्याकाळी, मागे कुणीतरी मातिल्दच्या केसांतली खीर धूत असताना, मी त्याला टेबलाचा कोपरा सांगितला, बाल्कनी सांगितली, बटण सांगितलं. चित्रं त्यानंतर लगेच गेली नाहीत. औषध घ्यावं लागलं, एका शहाण्या बाईशी महिनोन्‌महिने बोलावं लागलं. पण ते सगळं झालं, कारण त्या घरात एका दुपारी मी घोरले.

लाजेदोचे उपकार मी फेडलेले नाहीत, आणि तिथे कुणी फेडूनही घेणार नाही. मग एवढं तुम्हांला सांगते. तुमच्या माहितीत एखादी बाई असेल. वरच्या मजल्यावर, ऑफिसात, कदाचित तुमच्याच घरात. तिचं बाळ नेहमी न्हाऊमाखू घातलेलं असतं. ती फोन पहिल्या घंटीला उचलते. सगळे म्हणतात, किती छान सांभाळते. तिच्याकडे आज जाऊन या. कशी आहेस असं विचारू नका, बरी आहे म्हणेल, हसून म्हणेल. शेवटची कधी झोपलीस, एवढंच विचारा, आणि ती उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.